कुलाबा टर्मिनस

कुलाबा टर्मिनस : मुंबईच्या दक्षिण टोकाकडील, बॅक बेच्या काठावरचे जुने रेल्वे स्थानक. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे, म्हणजे लोकांच्या तोंडची ‘बी. बी. सी. आय.’ आणि आजची पश्चिम रेल्वे, हिचे ते दक्षिणेकडचे शेवटचे ठिकाण होते. ३१ डिसेंबर १९३० रोजी ते बंद झाले. चर्चगेटपासून कुलाब्यापर्यंतचे सुमारे दोन किलोमीटर रूळ उखडले गेले आणि स्थानकाच्या जागेवर पुढे रेल्वे अधिकाऱ्यांची ‘बधवार पार्क’ ही वसाहत उभी राहिली. या स्थानकाचा इतिहास रेल्वेच्या वेळापत्रकांपेक्षा मुंबईच्या किनाऱ्याच्या रेषेत अधिक वाचायला मिळतो. समुद्र हटवून मिळालेल्या एका चिंचोळ्या पट्टीवरून आगगाडी इथवर आली आणि साठ वर्षेही पुरी होण्याआधी, समुद्र आणखी मागे रेटण्याच्या खटाटोपात, तिला इथून काढता पाय घ्यावा लागला.

नाव : ‘कुलाबा’ या नावाने वाचकाचा घोटाळा होऊ शकतो. अलिबागच्या समुद्रात आंग्र्यांचा कुलाबा किल्ला आहे. त्याच्याच नावाचा कुलाबा जिल्हा १९८१ मध्ये रायगड जिल्हा झाला. जुन्या कागदांत ‘कुलाबा जिल्ह्यातील रेल्वे’ असा उल्लेख आला, तर तो बहुधा कर्जत-नेरळकडचा समजावा. प्रस्तुत नोंदीतला कुलाबा मुंबई शहरातला आहे. मुंबईच्या सात बेटांपैकी दक्षिणेकडच्या दोन बेटांनी तो बनला : एक कुलाबा आणि दुसरे त्याला लागून असलेले धाकटे, इंग्रज ज्याला ‘ओल्ड वुमन्स आयलंड’ म्हणत. ‘कोलभात’ या कोळ्यांच्या शब्दापासून कुलाबा हे नाव पडले असे मानतात. मूळ वस्ती कोळ्यांचीच होती, आणि स्थानक आले, गेले, तरी कोळी त्या किनाऱ्यावर आजही आहेत.

स्थळ : स्थानक कोठे होते हे समजण्यासाठी आजचा नकाशा डोळ्यांपुढून बाजूला करावा लागतो. नरिमन पॉइंटचे मनोरे, मंत्रालय, विधानभवन, कफ परेडच्या उंच इमारती आणि मरीन ड्राइव्हची दक्षिणेकडची बाजू हे सगळे वजा केले की जे उरते ते पाणी. मलबार हिलपासून कुलाब्याच्या दांडीपर्यंत समुद्राचा एक प्रशस्त बाक होता, तो बॅक बे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई विद्यापीठ, उच्च न्यायालय आणि जुने सचिवालय या इमारतींच्या पश्चिम सज्ज्यांत उभे राहिले, की समोर ओव्हल मैदान, त्यापलीकडे रेल्वेचे रूळ आणि रुळांपलीकडे थेट लाटा दिसत. राजाबाई टॉवरखालून पश्चिमेकडे पाहणाऱ्याला आज आर्ट डेको इमारतींची जी रांग दिसते, ती समुद्रात भरणी घालून मिळालेल्या जमिनीवर उभी आहे. ओव्हलच्या दोन्ही बाजूंच्या या वास्तुसमूहाला २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्या दोन रांगांच्या मधून एके काळी कुलाब्याची गाडी जात होती, हे मात्र तिथे उभ्या असलेल्या फार थोड्यांच्या ध्यानात येते.

कापूस आधी, रेल्वे नंतर : कुलाबा बराच काळ मुंबईपासून तुटलेला होता. ओहोटीला चालत जावे, भरती आली की होडी गाठावी किंवा थांबून राहावे. १८३८ मध्ये कुलाबा कॉजवे पुरा झाला आणि बेट शहराला जोडले गेले. त्यानंतर सहा वर्षांनी, १८४४ मध्ये, कोटातल्या हिरवळीवर भरणारा कापसाचा बाजार कुलाब्याला हलवण्यात आला. ही जागा ‘कॉटन ग्रीन’ या नावाने ओळखली जाऊ लागली. पावसाळा सरला, की मचव्यांतून आणि गाड्यांतून आलेल्या गासड्यांचे डोंगर इथे उभे राहत. बंदर जवळ, मोकळी जागा भरपूर आणि लोकवस्तीपासून दूर. कापसासारख्या पेट घेणाऱ्या मालाला असे ठिकाण सोयीचे होते. रेल्वेला कुलाब्याची ओढ का वाटली, याचे उत्तर या गासड्यांत आहे. पुढे गाडीने साहेब, शिपाई, कारकून सगळेच आले, पण आधी बोलावणे कापसाचे होते.

बी. बी. सी. आय. कंपनी १८५५ मध्ये स्थापन झाली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीने आपले काम मुंबईतून सुरू केले आणि १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. बी. बी. सी. आय.ने मात्र उलट बाजू धरली. तिचे पहिले रूळ १८६० मध्ये गुजरातेत पडले आणि तिथून ती दक्षिणेकडे सरकत आली. वसईच्या खाडीवर पूल झाले आणि १८६४ च्या नोव्हेंबरात गाडी ग्रँट रोडला पोहोचली. म्हणजे गुजरातचा कापूस मुंबईच्या दारात आला, पण बाजार अजून काही मैल दक्षिणेला होता. मधले अंतर बैलगाडीने तोडायचे, तर रेल्वे आणून उपयोग काय?

शहराच्या दाट वस्तीतून रूळ नेणे महागाचे आणि अवघड होते. पूर्वेचा बंदराकडचा काठ दुसऱ्या कंपनीकडे आणि गोद्यांकडे गेलेला. उरला पश्चिमेचा किनारा. तिथे जमीन नव्हती, ती करावी लागणार होती.

भरणीचे वेड : १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरात पैसा इतका आला, की तो कशात घालावा हेच कळेना. तेव्हा बँका, वित्तसंस्था आणि समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या कंपन्या यांचे पीक आले. या सगळ्यांत बॅक बे रिक्लमेशन कंपनी सर्वांत गाजली. बॅक बेच्या काठाने भरणी घालायची, रेल्वेला कुलाब्यापर्यंत वाट द्यायची आणि उरलेल्या जमिनीवर नवी मुंबापुरी वसवायची, असा तो बेत होता. पाच हजार रुपये भरलेल्या शेअरला बाजारात त्याच्या दहापट भाव मिळाला. प्रेमचंद रायचंद यांचे नाव त्या काळी या उलाढालींच्या केंद्रस्थानी होते. दिनशा वाच्छा यांनी हा काळ तरुणपणी पाहिला होता आणि पुढे त्यावर पुस्तक लिहिले.

१८६५ च्या वसंतात अमेरिकेतले युद्ध संपल्याची बातमी आली आणि कापूस कोसळला. १ जुलै १८६५ हा व्यवहार पुरे करण्याचा दिवस. त्या दिवशी मुंबईतल्या कितीतरी पेढ्यांना पैसे देता आले नाहीत. बॅक बेची कंपनीही बुडाली. समुद्रात ठेवलेल्या एवढ्या मोठ्या स्वप्नातून हाती आली ती किनाऱ्यालगतची जमिनीची अरुंद पट्टी. ती सरकारने ताब्यात घेतली आणि चर्चगेट ते कुलाबा रेल्वे टाकण्यासाठी बी. बी. सी. आय.ला दिली.

माझ्या मते या स्थानकाचा खरा पाया इथे आहे. कुलाब्याचे रूळ एका बुडालेल्या कंपनीच्या अवशेषावर पडले. नीट आखलेला, पुरेसा रुंद, पुढच्या शंभर वर्षांचा विचार करून दिलेला मार्ग त्याला कधीच मिळाला नाही. एका बाजूला शहर, दुसऱ्या बाजूला पाणी आणि मधल्या चिंचोळ्या जागेत गाडी, असा संसार त्याला शेवटपर्यंत करावा लागला.

स्थानकाची उभारणी : रूळ टप्प्याटप्प्याने दक्षिणेकडे आले. १२ एप्रिल १८६७ रोजी विरार ते मुंबई बॅक बे अशी रोजची गाडी सुरू झाली. सकाळी ती विरारहून निघे आणि संध्याकाळी परते. मुंबईच्या उपनगरी वाहतुकीचा आरंभ म्हणून तिचा उल्लेख करतात. १८७० च्या सुमारास चर्चगेटला स्थानक झाले. कोटाच्या तटाला चर्चगेट नावाचा दरवाजा होता. तट १८६० च्या दशकात पाडला गेला, पण दरवाजाचे नाव स्थानकाने राखले. त्यानंतर, १८७० च्या दशकाच्या सुरुवातीस, गाडी कुलाब्याला पोहोचली. तिथले पहिले स्थानक लहान होते आणि महत्त्व होते ते मालधक्क्याला.

तो काळच कुलाब्याच्या भरभराटीचा होता. ९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली, तिचा एक मार्ग कुलाबा ते पायधुणी हा होता. १८७५ मध्ये ससून गोदी झाली. त्याच वर्षी टोकाच्या खडकांवर प्रोंग्ज दीपगृह उजळले. लष्कराची छावणी आधीपासून होती. पहिल्या अफगाण युद्धात पडलेल्यांच्या स्मरणार्थ बांधलेले अफगाण चर्च १८५८ पासून प्रार्थनेसाठी खुले होते आणि त्याचा उंच मनोरा समुद्रातून येणाऱ्या खलाशांना खूण म्हणून उपयोगी पडे. गोदी, ट्राम, छावणी, कापूस आणि रेल्वे हे सगळे एवढ्याशा जमिनीच्या जिभेवर दाटीने नांदू लागले.

पंचवीसेक वर्षांत पहिले स्थानक अपुरे पडले आणि १८९६ मध्ये कुलाब्याला टर्मिनसला साजेशी नवी इमारत तयार झाली. त्याच सुमारास, १८९९ मध्ये, चर्चगेटला कंपनीच्या मुख्य कचेरीची घुमटाची वास्तू पुरी झाली. तिचे वास्तुकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स, व्हिक्टोरिया टर्मिनसचेही तेच. कंपनीने कारभाराचे घर चर्चगेटला बांधले आणि गाड्यांचे घर कुलाब्याला. या घडीला तरी कुलाबा आपल्याला कायमचे लाभले, अशीच तिची समजूत असावी.

१८९६ हे साल मुंबईला दुसऱ्या कारणाने लक्षात राहिले. सप्टेंबरात मांडवीत प्लेगचा पहिला रुग्ण सापडला आणि काही महिन्यांत लाखो माणसे शहर सोडून गेली. नवी इमारत उघडून वर्षही झाले नव्हते, तोच गावाकडे, गुजरात-काठेवाडकडे पळणाऱ्या कुटुंबांनी या रेल्वेच्या गाड्या भरल्या.

स्थानकातून धावणाऱ्या गाड्या : आरंभी हा मार्ग मुख्यतः गुजरातचा होता. १९०९ मध्ये नागदा ते मथुरा मार्ग खुला झाला आणि चित्र पालटले. बडोदा, रतलाम, कोटा, मथुरा अशा वाटेने दिल्ली गाठणे बी. बी. सी. आय.ला शक्य झाले. तोवर उत्तरेच्या प्रवासात बोरीबंदराचा वरचष्मा होता, आता कुलाब्यालाही वाटा मिळाला. या स्पर्धेतले सर्वांत मोठे नाव फ्रंटियर मेल. १ सप्टेंबर १९२८ रोजी ती कुलाब्याहून पेशावरसाठी पहिल्यांदा निघाली. अरबी समुद्राच्या काठावरून सुटून खैबर खिंडीच्या पायथ्याशी जाणारी ही गाडी त्या काळच्या हिंदुस्थानातली सर्वांत प्रतिष्ठेची गाडी मानली जाई. तीच आता मुंबई सेंट्रल ते अमृतसर धावते आणि १९९६ पासून ‘गोल्डन टेंपल मेल’ म्हणून ओळखली जाते. तिच्या जन्माचे ठिकाण कुलाबा होते, हे विसरले जाता कामा नये.

मात्र दिवसाकाठी स्थानकावर सर्वाधिक वर्दळ लोकलची असे. वांद्रे, अंधेरी, बोरिवलीकडून येणारे नोकरदार चर्चगेटला उतरत आणि उरलेले पुढे कुलाब्याला जात. ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा ते बोरिवली मार्गावर विजेची गाडी सुरू झाली. पंधराशे व्होल्टच्या तारा समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात कुलाब्यापर्यंत ओढण्यात आल्या. लोकलच्या वाफेच्या इंजिनांचा धूर थांबला, गाड्यांचा वेग वाढला. तारांखाली कुलाब्याला लाभलेले आयुष्य जेमतेम तीन वर्षांचे.

मालाचे वळण बदलते : स्थानक बंद होण्याची कारणे शोधताना साऱ्यांचे बोट बॅक बेच्या भरणीकडे जाते, आणि ते बरोबरच आहे. पण त्याआधीच कुलाब्याच्या पायाखालून एक आधार निसटला होता. १९१४ मध्ये अलेक्झांड्रा गोदी, म्हणजे आजची इंदिरा गोदी, खुली झाली. १ जानेवारी १९१५ रोजी पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वे सुरू झाली आणि तिने वडाळ्याला दोन्ही कंपन्यांचे रूळ गोद्यांशी जोडले. आता गुजरातेतून आलेला डबा थेट जहाजाच्या बाजूला उभा राहू शकत होता, त्याला किनाऱ्याने कुलाब्यापर्यंत हिंडण्याचे कारण उरले नाही. पाठोपाठ १९२० च्या दशकात कापसाची वखारच शिवडीला हलली. तिथेही समुद्र भरूनच जागा केलेली होती. कापसाने जाताना नावही सोबत नेले. हार्बर मार्गावरच्या कॉटन ग्रीन स्थानकात उतरणाऱ्याला कापूस दिसत नाही आणि हे नाव कुलाब्याहून आले आहे हेही कुणी सांगत नाही.

प्रवाशांच्या बाबतीतही कुलाब्याची मिरास सैल होत होती. १९०७ मध्ये घोड्यांच्या जागी विजेची ट्राम आली. १५ जुलै १९२६ रोजी मुंबईतली पहिली मोटार बस धावली, तीही अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. कुलाब्याच्या रहिवाशाला कोटात जायला आता दाराशी बस मिळू लागली, आणि एवढ्या जवळच्या प्रवासासाठी स्थानक गाठण्याची गरज कमी झाली.

दुसरी भरणी आणि स्थानकाचा अंत : पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत घरांची टंचाई भयंकर वाढली. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी बॅक बेची जुनी कल्पना पुन्हा उचलली. १९२० मध्ये विकास खाते स्थापन झाले आणि ११४५ एकर समुद्र बुजवण्याची योजना आठ भागांत आखली गेली. योजनेमागे इंजिनियर जॉर्ज ब्यूकॅनन यांचा अहवाल होता. आधी समुद्रात दगडी भिंत बांधायची, मग बंदराच्या बाजूचा गाळ यंत्रनौकेने उपसायचा आणि जाड नळांतून कुलाबा ओलांडून तो भिंतीच्या आत सोडायचा, अशी पद्धत. ‘सर जॉर्ज लॉइड’ याच नावाची प्रचंड यंत्रनौका त्यासाठी आणली गेली.

भिंतीसाठी लागणारा दगड कांदिवलीच्या टेकडीतल्या खाणीतून येई आणि तो येई याच बी. बी. सी. आय.च्या रुळांवरून. दगडांनी भरलेल्या गाड्या बॅक बेच्या काठाला लागत, रिकाम्या होऊन परत जात. आपल्याच स्थानकाला ज्या भरणीने गिळले, तिचा दगड रेल्वेने स्वतः वाहून आणला. या नोंदीसाठी वाचन करताना मला सर्वांत जास्त चटका लावून गेलेली गोष्ट हीच.

योजना फसली. गाळ अपेक्षेइतका मिळेना, टाकलेला गाळ भिंतीतून पाझरून समुद्रात परत जाई, आणि अंदाजपत्रक फुगत चालले. लोक तिला ‘लॉइडचा वेडेपणा’ म्हणू लागले. बॅरिस्टर खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनी कायदेमंडळात आणि वृत्तपत्रांतून या व्यवहारावर कोरडे ओढले. विकास खात्यातल्या हार्वे नावाच्या अधिकाऱ्याने त्यांच्यावर अब्रूनुकसानीचा खटला भरला आणि त्यात नरिमन निर्दोष सुटले. लोकांनी त्यांना ‘वीर नरिमन’ म्हटले. आज चर्चगेट स्थानकासमोरून समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांचे नाव आहे आणि त्याच बॅक बेत पुढे उभ्या राहिलेल्या नरिमन पॉइंटलाही. ज्या भरणीविरुद्ध माणूस लढला, तिच्याच जमिनीवर त्याचे नाव कोरले गेले.

सरकारी चौकशीनंतर योजना आवरती घेतली गेली. आठांपैकी पहिला, दुसरा, सातवा आणि आठवा असे चारच भाग भरण्यात आले, सुमारे ४४० एकर. त्यातली निम्म्याहून जास्त, सुमारे २३५ एकर जमीन लष्कराला विकली गेली. मधले चार भाग पाणीच राहिले.

आता रेल्वेच्या दृष्टीने पाहू. नव्या जमिनीवर समुद्राकाठची प्रशस्त वसाहत व्हायची, तर तिच्या आणि जुन्या शहराच्या मधोमध रेल्वेचे रूळ, फाटके आणि मालधक्के पसरलेले चालणार नव्हते. समुद्राचा काठ पश्चिमेला सरकला आणि पूर्वी किनाऱ्यालगत असलेली रेल्वे एकाएकी शहराच्या मध्ये आली. सरकारला ती जमीन हवी होती. बी. बी. सी. आय.ने चर्चगेटच्या दक्षिणेचा मार्ग सोडायचा आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी नवे टर्मिनस बांधायचे, असे ठरले.

नवे टर्मिनस बेलासिस रोडजवळ झाले, तेच मुंबई सेंट्रल. क्लॉड बॅटली यांच्या आराखड्यावरून ते एकवीस महिन्यांत उभे राहिले, खर्च सुमारे दीड कोटी रुपये. १८ डिसेंबर १९३० रोजी गव्हर्नर फ्रेडरिक साइक्स यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्यानंतर तेरा दिवसांनी, वर्षाच्या शेवटच्या रात्री, कुलाबा बंद झाले. १९३१ च्या पहिल्या दिवसापासून लोकलचे शेवटचे स्थानक चर्चगेट आणि मेलचे मुंबई सेंट्रल. मुंबईच्या पश्चिम मार्गाची ही विभागणी आजतागायत टिकून आहे. गुजरातहून गाडीने येणारा प्रवासी सेंट्रलला उतरून पुन्हा लोकल, बस किंवा टॅक्सी शोधतो, त्या त्रासाची सुरुवात त्या रात्री झाली.

हा निर्णय चूक होता की बरोबर, यावर एक शब्द. एक बाजू अशी, की टोकावर अडकलेल्या, दोन्हीकडून कोंडलेल्या स्थानकाला वाढायला जागा नव्हती आणि पुढच्या काळातल्या गर्दीला ते पुरले नसते. हे मान्य केले तरी रूळच उखडून टाकणे घातक ठरले, असे माझे स्पष्ट मत आहे. लांब पल्ल्याच्या गाड्या सेंट्रलला नेऊन लोकल कुलाब्यापर्यंत ठेवता आली असती. तीन वर्षांपूर्वीच तिथे विजेच्या तारा बसल्या होत्या. पुढे चाळीस वर्षांत नरिमन पॉइंट आणि कफ परेड उभे राहिले, मंत्रालय आले, लाखो माणसे रोज त्या बाजूला कामाला जाऊ लागली, आणि ती सगळी चर्चगेटला उतरून पायी, बसने किंवा शेअर टॅक्सीने पुढे जाऊ लागली. चर्चगेटबाहेर सकाळी नऊच्या सुमाराला लागणाऱ्या रांगा १९३० च्या निर्णयाची किंमत आहेत, आणि ती किंमत कारकून, शिपाई आणि टंकलेखक रोज मोजत आले.

नंतरची जागा : स्थानकाची जमीन रेल्वेकडेच राहिली आणि तिथे अधिकाऱ्यांची निवासस्थाने झाली. रेल्वे मंडळाचे पहिले भारतीय अध्यक्ष फतेहचंद बधवार यांच्या नावाने वसाहतीला बधवार पार्क म्हणतात. समोर रस्ता ओलांडला की मच्छिमार नगर ही कोळ्यांची वस्ती. दुसऱ्या भरणीतले मधले भाग पुढे १९६०-७० च्या दशकांत काही अंशी भरले गेले, पण पुरते नाहीत. त्यामुळे नरिमन पॉइंट आणि कफ परेड यांच्यामध्ये पाण्याचा एक तुकडा अजून शिल्लक आहे. कोळ्यांच्या होड्या तिथे लागतात, काठावर जाळी वाळत पडलेली असतात. जुन्या बॅक बेचा या बाजूला उरलेला एवढाच अंश.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर हल्ला करणारे दहशतवादी याच काठावर रबरी होडीतून उतरले. त्यानंतर बधवार पार्क हे नाव देशभरच्या बातम्यांत आले. त्यांना प्रथम पाहिले आणि हटकले ते तिथल्या कोळ्यांनी.

जुन्या मार्गाच्या खुणा शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. चर्चगेट स्थानकात रूळ जिथे संपतात, तिथल्या धक्कारोधकांपाशी उभे राहून दक्षिणेकडे तोंड केले, तर रेल्वेची वाट पुढे जाणार होती ती दिशा कळते. स्थानकाची आजची इमारत १९५० च्या दशकातली. तिच्या पलीकडे रस्ता, मग ओव्हलची पश्चिम कड, मग कूपरेज. या सरळ रेषेत ट्राम नव्हती, बाजार नव्हता, होती ती आगगाडी. शेजारी स्टीव्हन्सची घुमटाची इमारत अजून पश्चिम रेल्वेचे मुख्यालय म्हणून उभी आहे. तिच्या पश्चिमेच्या खिडक्यांतून पूर्वी समुद्र दिसे.

कुलाब्याच्या जोडीने मुंबईतल्या आणखी एका किनारी स्थानकाचा उल्लेख हवा : बॅलार्ड पिअर मोल. बंदराच्या बाजूला, विलायतेच्या जहाजांना लागून असलेले ते स्थानक दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बंद पडले. शहराच्या पूर्व आणि पश्चिम अशा दोन्ही काठांवरून प्रवासी गाडी एका पिढीत मागे फिरली.

भुयारातून पुन्हा : मुंबई मेट्रोची तिसरी मार्गिका अधिकृतपणे ‘कुलाबा-वांद्रे-सीप्झ’ म्हणून ओळखली जाते. साडेतेहतीस किलोमीटर लांबीच्या या भुयारी मार्गावर २७ स्थानके आहेत. आचार्य अत्रे चौक ते कफ परेड हा तिचा शेवटचा टप्पा ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन होऊन दुसऱ्या दिवशी प्रवाशांसाठी खुला झाला. चर्चगेट, विधान भवन, कफ परेड अशी शेवटची तीन स्थानके. ट्राम सोडली, तर चर्चगेटच्या दक्षिणेला रुळांवरून जाणारी प्रवासी गाडी सुमारे पंच्याण्णव वर्षांनी पुन्हा सुरू झाली, या वेळी भरणीच्या पोटातून. कफ परेड स्थानकातून वर आल्यावर मच्छिमार नगर आणि बधवार पार्क चालत जाण्याच्या अंतरावर आहेत.